‘स्मूथ’ म्हणजे नुसतं गुळगुळीत नव्हे

पत्र थोडक्यात : बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी लिहिते. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, ९३ टक्के पडले, मारुतीच्या पारावर सत्कार झाला. वडिलांनी (ती त्यांना अण्णा म्हणते) सोयाबीनचे पैसे, आईचं गंठण गहाण ठेवून आलेली रक्कम आणि मामाकडून हातउसने घेतलेले असं सगळं गोळा करून तिला नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीसाठी लातूरला ठेवलं. आता बारावी सुरू आहे. ‘सर बोलतात ते कानावर पडतं, आत जात नाही. फळ्यावरचं उतरवून घेते आणि रूमवर आल्यावर माझंच लिहिलेलं मला उमजत नाही. मागच्या टेस्टला ७२० पैकी १६८ पडले. क्लासचा मेसेज इंग्रजीत येतो, अण्णांना वाचता येत नाही. मी फोनवर ३६८ सांगितले. आत्या म्हणते, एवढं करून नंबर लागला नाही तर पोरीला उजवून टाका. मॅडम, मी ढ आहे का? दहावीचे मार्क खोटे होते का? सोडून गेले तर लग्न, नाही सोडलं तर अण्णांचे पैसे पाण्यात. रात्री झोप येत नाही, कधी कधी वाटतं सकाळ होऊच नये.’ पत्रासोबत तिने टेस्टची प्रश्नपत्रिका आणि कच्च्या कामाची चार पानं पाठवली आहेत.

पोरी,

सगळ्यात आधी तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. ‘सकाळ होऊच नये’ असं वाटतं, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तसं वाटलं की एकटी बसून राहू नकोस. रूममधल्या मुलीला उठव, मेसच्या काकूंकडे जा, आणि १४४१६ वर फोन लाव. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, रात्री दोनलाही फोन उचलतात आणि मराठीत बोलता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि घरी कळवत बसावं लागत नाही. हा आकडा आजच वहीच्या पहिल्या पानावर लिही. झोप लागत नाही हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर लातूरच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाच्या ओपीडीत जाऊन ये. ताप आल्यावर जातो तसंच जायचं.

आता बाकीचं.

तुझं पत्र एकदा वाचून मी आधी तुझी प्रश्नपत्रिका घेऊन बसले. तीस वर्षं परभणीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे हात तिकडेच जातो. एका प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. ३० अंशांच्या उतारावर दोन किलोचा ठोकळा सोडला आहे, त्याचं त्वरण काढा, असा साधा प्रश्न. तू तो सोडून दिलास. पण कच्च्या कामात तू आकृती काढली आहेस, गुरुत्वाकर्षणाचे दोन घटक अगदी बरोबर पाडले आहेस, उताराच्या वरच्या दिशेने घर्षणाचा बाण दाखवला आहेस, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहेस : ‘घर्षण गुणांक दिलेला नाही.’

पोरी, प्रश्नात ‘स्मूथ इन्क्लाइन्ड प्लेन’ असं लिहिलं होतं. स्मूथ म्हणजे गुळगुळीत हे तुला ठाऊक आहे. पण फिजिक्सच्या प्रश्नात स्मूथ म्हणजे ‘घर्षण शून्य धरा’ अशी सूचना असते, हे तुला कुणी सांगितलंच नाही. तू घर्षण शोधत बसलीस, कारण खऱ्या उतारावर घर्षण असतं हे तुला पक्कं माहीत आहे. ट्रॉलीला फळी लावून सोयाबीनचं पोतं खाली उतरवताना तू ते पाहिलंही असशील. ज्या मुलीला घर्षणाचा बाण कुठल्या दिशेला काढायचा हे कळतं, ती ढ नाही. तुझं उत्तर एका शब्दावर अडलं.

मग मी असेच आणखी प्रश्न शोधले. ‘लाइट स्ट्रिंग’ लिहिलं आहे तिथे दोरीचं वस्तुमान धरायचं नसतं, तू ते गृहीत धरून गोंधळलीस. ‘रिलीज्ड फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. तू तो वेग शोधत बसलीस आणि प्रश्न सोडलास. बायोलॉजीत तर एकाच पानावर तीन प्रश्न असे की ‘इनकरेक्ट’ आणि ‘नॉट’ या शब्दांवरून नजर घसरली आणि तू बरोबर असलेला पहिलाच पर्याय काळा केलास. प्रत्येकी चार गुण गेले, वर एक कापला गेला. ‘रिस्पेक्टिव्हली’ (म्हणजे ‘अनुक्रमे’) आलं की तुझी जोडी उलटी लागते.

मराठी शाळेतून विज्ञानाला गेलेल्या मुलांबद्दल लोक म्हणतात, यांना अवघड इंग्रजी संज्ञा येत नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. संज्ञा मुलं पाठ करतात. वेगाचं व्हेलॉसिटी, त्वरणाचं ॲक्सेलरेशन, केंद्रकाचं न्यूक्लिअस दोन महिन्यांत होतं, कारण ते शब्द सगळ्यांनाच नवे असतात आणि सरही ते समजावून सांगतात. अडतं ते या बारक्या बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या शब्दांपाशी. ते सगळ्यांना येतातच असं धरून कुणी ते शिकवत नाही, आणि विचारायला लाज वाटते म्हणून मुलं विचारत नाहीत. माझ्या वर्गातही मी पहिली कितीतरी वर्षं ते शिकवले नव्हते. एका मुलाने धीर करून ‘मॅडम, निग्लिजिबल म्हणजे काय?’ विचारलं, तेव्हा मागच्या तीन बाकांवरच्या मुलांनी वह्या उघडल्या होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सगळं खापर इंग्रजीवर फोडू नकोस. तेही खरं होणार नाही. केमिस्ट्रीत १८ ग्रॅम पाण्यात अणू किती, या प्रश्नाला तू ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हे उत्तर दिलंस. तेवढे रेणू असतात. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू, म्हणून अणू तिप्पट. इथे भाषेची अडचण नव्हती, मोलची, म्हणजे कण मोजायच्या एककाची, कल्पनाच कच्ची आहे. आणि मोल कच्चा असला की पुढची अर्धी केमिस्ट्री डगमगते. हे अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांतलं प्रकरण. तेव्हा तू नुकती लातूरला आली होतीस, मेसचं जेवण जात नव्हतं, घरची आठवण येत होती, असं तूच लिहिलं आहेस.

म्हणून माझा तुला पहिला प्रश्न असा आहे : ‘मला काही उमजत नाही’ हे तू एकच दुखणं समजून चालली आहेस, ते एकच आहे का? ही प्रश्नपत्रिका घे, चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिही. शब्द अडला असेल तर ‘श’. कल्पना कळली नसेल तर ‘क’. सगळं येत होतं पण वेळ पुरला नाही किंवा घाईत चुकलं तर ‘व’. मी चाळताना सहज मोजलं, तर फिजिक्समध्ये ‘श’ चांगलेच निघाले, केमिस्ट्रीत ‘क’ जास्त. तू नीट मोज. मागच्या दोन टेस्टचंही कर. एक रविवार जाईल, पण मग तुला कळेल की आपण नेमकं कशाला घाबरतो आहोत.

‘श’ साठी एक छोटी वही कर, खिशात मावेल एवढी. डावीकडे प्रश्नातला शब्द, उजवीकडे तो गणितात काय करायला सांगतो ते. ‘स्मूथ : घर्षण शून्य.’ ‘निग्लिजिबल : सोडून द्यायचं.’ डिक्शनरीतला अर्थ लिहू नकोस, त्याचा इथे उपयोग नाही. दीड-दोनशे शब्दांच्या वर ही वही जात नाही, मी मुलांकडून करून घेतलेली आहे. ‘क’ साठी दहावीची विज्ञानाची दोन्ही मराठी पुस्तकं गावाहून मागवून घे. गुरुत्वाकर्षण, रासायनिक अभिक्रिया, भिंगं हे सगळं तुला तिथे मराठीत कळलेलं आहे. तो धडा आधी तिथे वाचायचा आणि मग अकरावीचं इंग्रजी पुस्तक उघडायचं. यात कमीपणा कसला?

नीटचा पेपर मराठीतून द्यावा का, असंही तू विचारलं आहेस. मराठी निवडलीस तर पुस्तिकेत प्रश्न मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो; भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. अर्ज भरतानाच भाषा विचार करून निवडावी लागते. तू दोन वर्षं ‘व्हेलॉसिटी’ ऐकते आहेस, त्यामुळे मराठीतल्या संज्ञांवर तुझी जीभ अडखळेल, पण वाक्य मराठीत असलं तर ‘नॉट’ आणि ‘स्मूथ’ वर फसणार नाहीस. ऐकीव सल्ल्यावर ठरवू नकोस. मागच्या एखाद्या वर्षाचा मराठी पेपर मिळव, घड्याळ लावून तीन तास सोडव आणि स्वतःचा हिशोब बघ.

आता दुसरं, जे ऐकायला तुला जड जाईल. १६८ पासून सरकारी एमबीबीएसची जागा फार लांब आहे. तुझे बायोलॉजीत १२१, केमिस्ट्रीत ३६ आणि फिजिक्समध्ये ११ आहेत. बायोलॉजी म्हणजे निम्मा पेपर, १८० पैकी ९० प्रश्न, आणि ते सगळ्यात जास्त पुस्तकाला धरून येतात. तिथे तू नेटाने बसलीस तर गुण झपाट्याने वाढतील. पण पहिल्याच वेळी तेवढी मजल गाठशील असं मी म्हणणार नाही. तुला खोटा धीर दिला तर तो त्या ३६८ सारखाच होईल.

पण डॉक्टर झाले नाही तर लग्न, मधे काहीच नाही, हे कुणी ठरवलं? तुझ्या पत्रात तो वाक्प्रचार आत्याचा आहे. अण्णा काय म्हणाले, ते सहा पानांच्या पत्रात एकदाही आलेलं नाही. त्यांनी गंठण गहाण ठेवलं, एवढंच तू लिहिलंस. ते नीटच्या नंबरासाठी ठेवलं, की पोरीने शेतात राबू नये, चार पैसे स्वतःच्या हाताने कमवावेत म्हणून ठेवलं? हे तू त्यांना विचारलं आहेस का? कदाचित दोन्ही असेल. पण तू त्यांच्या वतीने उत्तर धरून बसली आहेस.

आत्याचं बोलणं मी हलक्यात घेत नाही. आपल्या भागात शिक्षण अडलं की मुलीच्या लग्नाचं बोलणं निघतं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर फार लवकर निघतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू सतराची आहेस. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न लावणं हा कायद्याने गुन्हा आहे, गावच्या ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ते थांबवण्याचा अधिकार आहे आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर तुला स्वतःला फोन करता येतो. तशी वेळ येईल असं मला वाटत नाही, पण माहीत असू दे. त्याहून उपयोगाचं म्हणजे, घरी जाशील तेव्हा ‘मी सोडते’ असं म्हणत जाऊ नकोस. रिकाम्या हाताने गेलीस की त्या रिकाम्या जागेत आत्याचं स्थळ येऊन बसतं. पुढे काय करणार, हे कागदावर लिहून घेऊन जा.

त्या कागदावर काय असू शकतं, ते सांगते. बारावी बोर्डाचा अभ्यास कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. क्लासच्या टेस्टपुढे बोर्डाला कुणी विचारत नाही, आणि मग फेब्रुवारीत धावपळ होते. नीटचा अर्ज भरायचाच, पण सोबत राज्याच्या सीईटीचाही (सामाईक प्रवेश परीक्षेचा) पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, गटातून भरायचा. तिथे २०० गुणांपैकी १०० बायोलॉजीचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि पेपर मराठीतूनही देता येतो. तुझ्यासारखीला ही परीक्षा जास्त मानवते. तिच्यावर बी.एस्सी. ॲग्री आहे, चार वर्षांचा कोर्स, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची महाविद्यालयं परभणीला आहेत, लातूरलाही आहेत. बी. फार्म, म्हणजे औषधनिर्माणाची पदवी, आहे. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते. नीटमध्ये बऱ्यापैकी गुण पडले तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आणि पशुवैद्यकीय या वाटाही त्यातूनच जातात. पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीत आहे, उदगीरला आहे. मेंढराला काय झालं हे बघायला गावात माणूस मिळत नाही म्हणून तुझ्या आजोबांची दोन मेंढरं गेली, असं तू कुठल्याशा ओळीत लिहून गेली आहेस. ती ओळ मी दोनदा वाचली.

फीचं ओझं मनात असेल तर हेही लिही : व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळवणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, असा राज्य सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय आहे. मॅनेजमेंट कोट्याला तो लागू नाही. एससी, एसटी प्रवर्गांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं वेळ असतानाच काढून ठेव. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि त्या दोन कागदांपायी मुलींची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

शिकवणीच लातूरची सोडायची ठरली, तर भरलेले सगळे पैसे गेले असं समजू नका. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी, आणि क्लासच्याच वसतिगृहात राहत असेल तर तिथल्या राहण्याजेवणाचेही उरलेले पैसे, दहा दिवसांत परत द्यावेत असं त्यांत म्हटलं आहे. सूचना म्हणजे कायदा नव्हे, क्लासवाले टाळाटाळ करतील. तरी अण्णांनी लेखी अर्ज द्यावा, त्यात या सूचनांचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोलून काही होत नाही.

तरी मला विचारशील तर, आज सोडू नकोस. दिवाळीपर्यंत ‘श’ ची वही आणि मोलपासूनची केमिस्ट्री, एवढंच धर. क्लासचा वेग पकडायच्या मागे लागू नकोस. दिवाळीनंतरच्या टेस्टला पुन्हा श, क, व लिही. ‘श’ हटले आणि गुण सरकले, तर नीट आणि सीईटी दोन्ही नेटाने दे. नाही सरकले, तर सीईटी आणि बोर्ड धरून ठेव. ‘वर्षभर रिपीट करते’ असं मात्र आताच घरी कबूल करून येऊ नकोस. रिपीटचं वर्ष कुणी करावं, तर ज्याला नेमकं काय कमी पडलं ते कळलं आहे त्याने.

आणि ३६८.

हे आता सांगायचं. निकालाच्या दिवशी नाही, फोनवर नाही, आत्या घरात असताना नाही. येत्या शनिवारच्या एसटीने जा. संध्याकाळी अण्णा शेताकडे निघतील तेव्हा सोबत जा. त्यांना म्हण, ‘अण्णा, मागच्या टेस्टला १६८ पडले. मी भिऊन जास्त सांगितले.’ एवढं बोलून गप्प बस. त्यांना राग येईल, तो येऊ दे. पाऊस ओढ देऊन पहिली पेरणी उगवली नाही तर शेतकरी कुठवर वाट बघतो? बियाण्याचे पैसे गेले म्हणून रडतो, पण दुबार पेरणीचा विचार जुलैतच करतो. दिवाळीला कळून काय उपयोग? तुझे अण्णा असे निर्णय तू जन्मायच्या आधीपासून घेत आले आहेत. त्यांना खरा आकडा वेळेवर दिलास तर ते तुझ्या बाजूने विचार करू शकतील. खोटा आकडा देऊन तू त्यांच्याकडून ती संधीच काढून घेतली आहेस, आणि स्वतःला एकटं पाडलं आहेस.

एकटीने बोलायचा धीर होत नसेल तर गावच्या शाळेतल्या ज्या बाईंनी तुला सातवीपासून विज्ञान शिकवलं, त्यांना आधी भेट. त्या घरी येऊन बसल्या की बोलण्याचा सूर बदलतो.

हे वाचणाऱ्या आईवडिलांनाही एक विनंती. ज्यांच्या मुली-मुलं लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला रूम करून राहतात त्यांनी फोनवर पहिला प्रश्न ‘किती पडले?’ हा विचारू नये. ‘जेवलीस का, झोप झाली का’ विचारा. आणि क्लासचा इंग्रजी मेसेज आला तर गावातल्या कुणाकडून वाचून घेण्याआधी मुलालाच विचारा, ‘हे मला समजावून सांग.’ खरं बोलायला जागा राहिली की मूल खरं बोलतं.

दहावीच्या ९३ टक्क्यांबद्दल तू विचारलंस, ते खोटे होते का. तुझ्या कच्च्या कामातली ती आकृती बघून सांगते, नव्हते.

शनिवारी निघायच्या आधी तो ठोकळ्याचा प्रश्न पुन्हा सोडव. घर्षणाचा बाण खोडून टाक, वस्तुमान दोन्हीकडून जाईल, ३० अंशाचा साइन अर्धा. उत्तर ४.९ येतंय का, ते मला कळव. आणि अण्णा काय म्हणाले तेही.